न्यूस नदीच्या खाड्यांत हिवाळी ट्राउट

नॉर्थ कॅरोलिनात ठिपकेवाल्या ट्राउटसाठी डिसेंबरात पहाटे उठून पळापळ करण्यात अर्थ नाही. आम्ही पोहे-चहा आटोपून कॅरीहून निघालो, न्यू बर्नवरून न्यूस नदीकाठचं ओरिएंटल गाव गाठलं आणि बारानंतर बोट पाण्यात सोडली. काळ्या चिखलाचा उथळ भाग उन्हाने जरासा तापला की मग हा मासा तोंड उघडतो.

नावाला ट्राउट, पण कूळ आपल्या घोळ-ढोम्याचं. थंडीत तो नदीचं मोठं पात्र सोडून आतल्या छोट्या खाड्यांत शिरतो. एखाद्या वळणावरच्या खोलगट जागी अख्खा थवा बसलेला असतो आणि बाकी खाडी रिकामी. म्हणून इथे ट्रोलिंग, म्हणजे बोट हळू चालवत आमिष मागे ओढणं, करायचं ते मासा शोधण्यासाठी. एक लागला की मोटर बंद, नांगर हळूच खाली आणि तिथेच गरवायला बसायचं. बरेच जण पहिल्या माशाच्या आनंदात तसेच पुढे निघून जातात.

कोकणातून आलेल्यांना इथलं पाणी चकवतं. आउटर बँक्सच्या वाळूच्या रांगेने समुद्र अडवल्यामुळे भरती-ओहोटी नावापुरतीच. पाणी वाऱ्यावर चालतं: ईशान्येचा सुटला की नदीत चढतं, नैर्ऋत्येचा किंवा पश्चिमेचा सुटला की उतरतं. त्यामुळे तिथी बघू नका, वाऱ्याचा अंदाज बघा. वारा जोरात असेल तर खाडीच्या तोंडाबाहेर जायचंच नाही. न्यूस तिथे मैलोन्‌मैल रुंद आहे आणि आखूड, उभ्या लाटा लहान बोटीला झोडपतात. लाइफ जॅकेट अंगात हवं, बाकाखाली नको.

दोन गळकाठ्या, दोन्ही बाजूंना एकेक. तंगूस पंचवीस-तीस मीटर मागे, टोकाला अष्टमांश औंसाच्या जिग हेडवर (वजनदार डोक्याची गरी) वळवळत्या शेपटीचं रबरी आमिष. इलेक्ट्रिक मोटर ताशी दीड-दोन मैलांवर. पाणी जितकं गार तितकं हळू. उथळ तळ जिथे पाच-आठ फुटांवर उतरतो, त्या काठाकाठाने जा. नजर काठीच्या टोकावर ठेवा. आमिष नीट चालत असेल तर टोक बारीक थरथरत राहतं. थरथर थांबली की गरीला गळून पडलेलं पान अडकलंय, लगेच ओढून साफ करा. टोक दोनदा ठक-ठक वाकलं तर मासा. तेव्हा हिसका देऊ नका, ओठाचं कातडं पातळ असतं, फाटतं. ड्रॅग (रिळाचा ब्रेक) सैल ठेवा आणि शेवटी जाळीने उचला. वरच्या जबड्यातले दोन सुळे बोटाला चांगलेच लागतात.

सोळा वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकाला किनारी मासेमारीचा परवाना लागतो; पाहुण्यांसाठी दहा दिवसांचा मिळतो. किती आणि केवढे मासे ठेवायचे हे नियम बदलत असतात, त्यामुळे निघायच्या दिवशी राज्याच्या सागरी मत्स्य विभागाच्या संकेतस्थळावर बघा. कडाक्याची थंडी लांबली की हे मासे बधिर होऊन तरंगायला लागतात आणि मग हंगामच बंद होतो. 2018 मध्ये जानेवारीत बंद झाला तो जूनच्या मध्यापर्यंत.

मासा लगेच बर्फात टाका, मांस मऊ असतं. कापताना पांढरा, शेवईसारखा किडा दिसला तर अख्खा मासा फेकू नका. तो माणसाला बाधत नाही. काढून टाका आणि तुकड्या रव्यात घोळवून खरपूस तळा.