अंगणातला केना

आज सुट्टी, म्हणून खुरपं घेऊन अंगणात बसलो. लातूरला यंदा पाऊस बरा, त्यामुळं भिंतीकडेला तरोटा, आघाडा, एकदांडी, सगळंच माजलंय. पहिल्याच मुठीत केना आला आणि हात थांबला. नखाएवढं निळं फूल. वरच्या दोन पाकळ्या ठसठशीत, खालची तिसरी फिकी, असून नसल्यासारखी. सकाळी उमलतं, दुपारी मिटलंच. मुळाशी उकरलं तर पांढुरक्या कळ्या! हा गडी मातीखालीही फुलतो, तिथंच बी धरतो. उपटून संपणार कसा?

शेजारच्या मावशी कुंपणावरून म्हणाल्या, "केना कशाला उपटायलाव? भजी करा की."

गाजरगवताला मात्र सोडलं नाही. त्याच्याशी आपलं जमत नाही.

कुंडीतला दोनशेचा गुलाब अजून रुसलेलाच.