घडी विस्कटलेली असताना काय विणावं

घर बदललं, नोकरी सुटली, बाळ आलं, घरातलं माणूस गेलं, मुलं शिकायला लांब गेली, की बरेच जण सुया आणि लोकर हातात घेतात. त्यातल्या बऱ्याच जणांचं अर्धवट विणकाम पुढच्या पंधरा दिवसांत कपाटाच्या तळाशी जातं. दोष त्यांचा नसतो आणि विणकामाचाही नसतो. त्या दिवसांत न झेपणारं काम निवडलेलं असतं.

२०१३ साली ब्रिटनमधल्या व्यवसायोपचाराच्या (ऑक्युपेशनल थेरपीच्या) एका नियतकालिकात साडेतीन हजारांहून अधिक विणणाऱ्यांची पाहणी छापून आली होती. जे जास्त वेळा विणतात, त्यांना त्यानंतर जास्त शांत आणि बरं वाटतं, असं त्यात दिसलं. ती हल्ली सगळीकडे सांगितली जाते. पण ती पाहणी विणणाऱ्यांचीच होती. कंटाळून सुया ठेवून दिलेल्यांना त्यात कोण विचारणार? विणून बरं वाटतं हे खरं, पण काय विणतो यावर ते फार अवलंबून आहे.

माझी कसोटी एकच: काम चार दिवसांनी उचललं, तर सुईवरचे टाके नुसते बघून पुढचा टाका कळला पाहिजे. वही उघडायला लागता कामा नये. ‘आपण सातव्या ओळीवर होतो की नवव्या’ हा प्रश्नच पडता कामा नये. वेणीचा स्वेटर, पानाफुलांची जाळी, दोन रंगांची नक्षी ही कामं सुंदर आहेत, पण ती आकडे मागतात, आणि रात्री झोप न झालेल्या माणसाजवळ आकडे टिकत नाहीत.

मग सगळे सुचवतात तो मफलर. मला तोही पटत नाही. हिशोब करून बघा. मध्यम जाडीची लोकर, ५ मिमीच्या सुया, ३२ टाके, सगळ्या ओळी सुलट (लोकर सुईच्या मागे ठेवून विणलेला साधा टाका). १० सेंमीत १७ टाके बसतात, म्हणजे रुंदी १९ सेंमीच्या आसपास. सगळं सुलट विणलं की ओळी टाक्यांच्या साधारण दुप्पट लागतात, १० सेंमीला ३४. दीड मीटर लांबीला ५१० ओळी, एकूण १६,३२० टाके. मिनिटाला २० टाके धरले तरी साडेतेरा तास, आणि पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत सगळं अगदी सारखं. मन थाऱ्यावर असेल तर ते छान आहे. नसेल तर तिसऱ्या दिवशी वाटायला लागतं की हे काही संपत नाही.

त्यापेक्षा कोपऱ्यातून सुरू होणारा चौकोन विणा. तो जगभर पुसण्याचं फडकं म्हणून विणला जातो, आणि असे वीस जोडले की पांघरूण होतं. पद्धत अशी.

सुईवर ४ टाके घाला. एक ओळ सुलट विणा. मग प्रत्येक ओळ एकसारखी: २ सुलट, जाळीचा टाका, उरलेले सगळे सुलट. जाळीच्या टाक्यासाठी लोकर दोन सुयांमधून पुढे आणायची आणि ती पुढेच ठेवून तिसरा टाका नेहमीसारखा सुलट विणायचा. लोकर आपोआप सुईवरून मागे जाते, एक नवा टाका तयार होतो आणि त्याच्याखाली छोटं भोक पडतं. दर ओळीला एक टाका वाढतो. हवा तेवढा मोठा झाला की दर ओळीला एक कमी करायचा: १ सुलट, दोनांचा एक (दोन टाके एकदम विणून एक करायचा), जाळीचा टाका, पुन्हा दोनांचा एक, उरलेले सुलट. इथे दोनदा घट आणि एकदा वाढ, म्हणून निव्वळ एक टाका जातो आणि कडेची भोकं मात्र तशीच चालू राहतात. ४ टाके उरले की बंद करा.

उलट टाका (लोकर पुढे ठेवून विणायचा) नाही. पुढची-मागची बाजू नाही. ओळ कुठलीही असो, सुरुवात तीच. मोजायचं असेल तर सुईवरचे टाकेच ओळी सांगतात: ४० टाके आहेत म्हणजे वाढीच्या ३६ ओळी झाल्या. टाके घालताना कड घट्ट होण्याची भीतीही नाही, कारण घालायचे चारच. आणि काम सतत बदलतं. आधी ओळी झटपट संपतात, मग लांबत जातात, मध्य ओलांडला की दर ओळ आधीपेक्षा हलकी. थकलेल्या माणसाला या उताराचा फार आधार होतो.

आता माप, आणि हाच चौकोनाचा खरा गुण. मन ताणलेलं असलं की हात आवळला जातो. त्याच सुयांवर, त्याच लोकरीचे टाके बारीक पडतात. स्वेटरमध्ये यामुळे एक बाही आखूड होते. इथे टाके मोजून थांबूच नका. सुरुवातीच्या टोकापासून भोकांच्या कडेने टेप लावा आणि २५ सेंमी भरले की घट सुरू करा. काम सपाट ठेवून मोजायचं, ओढायचं नाही, कारण तिरपं विणलेलं कापड ताणलं जातं. सैल हात असेल तर हे ५६ टाक्यांवर होईल, बेताचा असेल तर साठाच्या आसपास, आवळलेला असेल तर ६६ वर. चौकोन तेवढाच भरतो. (साठ कुठून आले? सगळ्यात लांब ओळ म्हणजे चौकोनाचा कर्ण. २५ सेंमी बाजूचा कर्ण ३५ सेंमी, आणि १० सेंमीला १७ टाके.)

तरी हात फारच आवळत असेल तर त्याची खूण सोपी आहे: टाके सुईवरून सरकत नाहीत, ढकलावे लागतात. बहुतेकदा कारण असं की नवा टाका सुईच्या निमुळत्या टोकावरच विणला जातो. टाक्याचं माप सुईच्या पूर्ण जाडीवर ठरतं. टाका टोकावरून जाड भागावर सरकवून मग ओढा. तेवढ्यानं भागलं नाही तर अर्धा मिलीमीटर जाड सुई घ्या. ‘सैल विणा’ हा सल्ला मात्र कुणाला देऊ नका. तो ऐकून माणूस आणखी आवळतो.

सुयांबद्दल एक सावधगिरी. नंबरावर जाऊ नका, मिलीमीटर बघा. जुन्या ब्रिटिश पद्धतीत ८ नंबर म्हणजे ४ मिमी आणि नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकन पद्धतीत ८ नंबर म्हणजे ५ मिमी आणि नंबर वाढला की सुई जाड होते. या कामाला ५ मिमी. लाकडी किंवा बांबूची सुई टाके धरून ठेवते, धातूची निसटू देते. वारंवार उठावं लागत असेल तर लाकडीच बरी. ८० सेंमीची तारेची गोल सुई (दोन सुया तारेनं जोडलेल्या) घेतली तर कामाचं वजन मांडीवर राहतं, मनगटावर येत नाही, आणि एक सुई सोफ्याखाली हरवायचा प्रश्न मिटतो.

लोकर गुळगुळीत, पीळ दिसणारी आणि फिकट रंगाची. काळी किंवा गडद निळी रात्रीच्या उजेडात वाचता येत नाही, आणि टाका वाचता आला नाही की सगळा फायदा गेला. केसाळ मोहेर, गाठी-गाठींची फॅन्सी लोकर टाळा. ती उसवत नाही, आणि उसवावं तर लागणारच. शुद्ध लोकर लवचीक असते, टाके थोडे कमी-जास्त पडले तरी धुतल्यावर सारखे होतात. पण गरम पाण्यात चोळली तर तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकून ती आटते आणि नमदा होतो. अॅक्रिलिक बिनधास्त धुता येतं, फक्त गरम इस्त्री लावायची नाही, तंतू वितळून कापड लुळं पडतं. सुती दोरा ताणला जात नाही, म्हणून बोटं लवकर दुखतात. नवशिक्यानं तो नंतर हाताळावा.

२५ सेंमीच्या एका चौकोनाला साधारण ४५ ग्रॅम लागतात. १०० ग्रॅमच्या गुंड्यात दोन निघतात. ४ गुणिले ५ असे वीस जोडले तर १०० बाय १२५ सेंमीचं पांघरूण होतं, १० गुंडे. एकच रंग हवा असेल तर वेष्टनावरचा रंगाचा लॉट नंबर (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा नंबर) जुळवून सगळे एकदम घ्या आणि एक गुंडा जास्त घ्या. जुळवत बसायचं नसेल तर प्रत्येक चौकोन वेगळ्या रंगाचा करा. मी तेच सुचवेन.

चुका होणारच, त्या ठरलेल्याच असतात.

जाळीचा टाका विसरणं सगळ्यात नेहमीचं. कडेला एक भोक नसलेलं दिसतं. परतीच्या ओळीच्या शेवटी लक्षात आलं तर शेवटचे दोन टाके उरले असताना थांबा. त्यांच्याआधी दोन टाक्यांमध्ये जो आडवा धागा आहे, तो सुईवर उचला आणि विणा. भोक थोडं लहान दिसेल, बास. दोन-चार ओळींनंतर दिसलं तर तसंच पुढे जा. मापावर जायचं असल्यानं एका टाक्यानं काही बिघडत नाही.

जाळीचा टाका परतताना मागच्या बाजूनं विणला तर तो पिळला जातो आणि भोक बुजतं. पुढच्या पायातून, म्हणजे सुईच्या पुढे दिसणाऱ्या धाग्यातून विणायचा.

ओळीच्या सुरुवातीला टाके अचानक वाढले, तर लोकर सुईवरून मागे ओढली गेली असते. मग पहिल्या टाक्याच्या खालचे दोन्ही पाय वर येऊन दोन टाके दिसतात आणि आपण दोन्ही विणतो. काम वळवल्यावर लोकर सुईच्या खालून येतेय ना, ते बघायचं. मधेच वाढलेला टाका बहुधा लोकर चिरल्यामुळे असतो: सुई पदरांच्या मधून गेली की एकाचे दोन होतात.

अर्ध्या ओळीत कुणी हाक मारली आणि काम ठेवलं, तर परत आल्यावर कुठल्या दिशेनं जायचं? ज्या सुईवरच्या शेवटच्या टाक्यातून गुंड्याची लोकर निघते, ती सुई उजव्या हातात. उलट धरलं तर ओळ मधूनच माघारी फिरते आणि तिथे ओळी कमी-जास्त होऊन भोक राहतं. शक्यतो ओळ पूर्ण करून ठेवा; नाहीच जमलं तर सुयांच्या टोकांना रबरबँड गुंडाळा.

टाका गळला तर पहिल्यांदा हात थांबवा आणि त्या सुटलेल्या फासात सेफ्टी पिन अडकवा. शुद्ध लोकरीत तो जागीच राहतो, अॅक्रिलिकमध्ये थोडं हललं की शिडीसारखा खाली पळतो. ४ मिमीच्या क्रोशाच्या सुईनं शिडीची एकेक पायरी वर ओढून आणायची. सगळ्या ओळी सुलट असल्यानं इथे एक खोच आहे: पायऱ्या एका आड एक समोरून आणि मागून उचलाव्या लागतात. गोंधळ टाळायला दर पायरीला काम उलटं करा आणि टाका ज्या बाजूनं इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो त्याच बाजूनं ओढा.

आणि उसवायची लाज वाटू देऊ नका. उसवलेली लोकर वाकडी-वाकडी होते. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवून दांडीवर वाळवा. शुद्ध लोकर सरळ होते, अॅक्रिलिक बऱ्यापैकी.

बसण्याचं थोडक्यात: अर्ध्या तासानं सुया खाली ठेवायच्या, कोपर टेकलेलं, मनगट सरळ. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर व्हायला लागली तर ती मनगटातली नस दबल्याची खूण असू शकते. काही दिवस विणू नका, तरी राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

पिशवीत एक चिठ्ठी ठेवा: सुई किती मिमी, लोकर कुठली, लॉट नंबर, बाजू किती सेंमी. सामान हलवताना दुसऱ्या कामासाठी सुई काढून घेतली जाते आणि महिन्याभरानं ती कितीची होती ते आठवत नाही. सुटलेली कामं बहुतेक इथेच सुटतात.

चौकोन जमले की जोडणी. शुद्ध लोकरीचे असतील तर कोमट पाण्यात २० मिनिटं भिजवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, आणि टाचण्या लावून २५ बाय २५ वर वाळवा. आवळून विणलेले आणि सैल विणलेले इथे शेजारी शेजारी बसतात. सगळे चौकोन सारखे ठेवले तर रेघा एका दिशेला तिरप्या जातात. चार चौकोनांची सुरुवातीची टोकं मध्यभागी आणली तर एकात एक बसलेले बर्फीचे आकार दिसतात. त्याच लोकरीनं, बोथट सुईनं, समोरासमोरच्या कडेचा एकेक फास घेत शिवा. धागा जोडाच्या लांबीच्या तिप्पट घ्या आणि दर सात-आठ टाक्यांनी जोड हलका ताणून बघा; तिरपी कड ताणते, शिवण ताणली नाही तर पहिल्या धुण्यातच तुटते.