माय, मशीनचा पाय मार!

मागच्या वर्षी मायला घेऊन ताईकडे न्यू जर्सीला गेलो होतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावातून नागपूर, तिथून मुंबई, अन् मग मुंबई ते नेवार्क सलग 15-16 तास. व्हिसाबिसाचं टेन्शन एवढं होतं की एवढा वेळ बसायचं कसं हा विचारच केला नव्हता.

मायचा पहिला घोळ पाण्याचा. एसटीत बसायच्या आधी पाणी बंद करायचं ही तिची जुनी सवय, तेच तिनं विमानात केलं. "पाणी पेली का मंग सारखं उठा लागते, लोकायच्या अंगावरून जा लागते." आता विमानातली हवा इतकी कोरडी की आर्द्रता बहुतेक वेळा 20 टक्क्यांच्याही खाली, म्हणजे आपल्या मे महिन्यातल्या दुपारीसारखीच, फक्त एसी असल्यानं घाम येत नाही अन् तहान कळत नाही. पाच तासांत तिचे ओठ फुटले, डोकं धरलं. शेवटी मी तिला गल्लीकडची सीट दिली, तेव्हा कुठं ती प्यायला लागली. (रिकामी बाटली सोबत ठेवा, सिक्युरिटीच्या पुढं गेल्यावर भरता येते.)

दुसरी गोष्ट पोटाची. निघायच्या दिवशी ताईच्या नावानं पाटोडीचा रस्सा झाला होता, दोघांनीही दाबून खाल्ला. वर गेल्यावर मायनं पिशवीतून चिवड्याची पुडी काढली तर ती फुग्यासारखी टम्म! "काहून फुगली रे हे?" आत हवेचा दाब साधारण 6 ते 8 हजार फुटांवर असतो तेवढाच ठेवतात, म्हणजे चिखलदऱ्याच्या दीड-दोन पट उंची, त्यामुळे बंद पुडीतली हवा पसरते. तेच पोटातल्या गॅसचं, अन् त्यात बेसन. पुढचं सांगत नाही. येताना आम्ही मुकाट्यानं वरण-भात खाऊन निघालो.

पायांची भीती मात्र मला खरी होती. चार तासांच्या वर एका जागी बसलं की पायात रक्ताची गाठ व्हायचा धोका वाढतो, कारण रक्त वर ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात अन् ते झोपलेले असतात. डॉक्टरांनी मायचे पाय तपासून घट्ट मोजे लिहून दिले होते (शुगरवाल्यांनी विचारल्याशिवाय घालू नये म्हणे) अन् बीपीच्या गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवायला सांगितल्या. व्यायाम कर म्हटलं तर माय लाजायची. मग सुचलं. तीस वर्षं तिनं गावातल्या बायांचे ब्लाऊज शिवलेत, म्हटलं माय, मशीनचा पाय मार. बस! टाच-चवडा, टाच-चवडा, समोरची स्क्रीन पाहत पाहत तिचं सुरू. बाजूचा गोरा म्हातारा थोडा वेळ पाहत राहिला अन् मग तोही मारायला लागला.

उतरताना तिची चप्पल आरामात पायात गेली. माझे बूट गेले नाहीत, कारण मी सहा तास ढाराढूर झोपलो होतो. "मले शिकवत होता," माय म्हणे.