अठ्ठाविसाव्या दिवसाची प्लेट

गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट आहे. अर्धी लॅब सुट्टीवर होती, ठाण्याहून येणाऱ्या लोकलमध्ये पण रबाळ्याला उतरणारे नेहमीच्या निम्मेच. मला मात्र यावं लागलं, कारण एका क्रीमच्या चॅलेंज टेस्टच्या शेवटच्या प्लेट (जंतू वाढवून मोजायच्या चपट्या बशा) त्याच दिवशी वाचायच्या होत्या आणि ते काम उद्यावर टाकता येत नाही. बूट कव्हर, ॲप्रन, कॅप सगळं चढवून आत गेले, इन्क्युबेटरचं दार उघडलं आणि आधी वासच आला. गोडसर, पिकलेली द्राक्षं डब्यात दोन दिवस बंद राहिली की येतो ना, तसा. मायक्रोबायोलॉजी शिकलेल्यांना सांगायला नको, हा वास स्यूडोमोनास नावाच्या जंतूचा. म्हणलं पॉझिटिव्ह कंट्रोलचा, म्हणजे तुलनेसाठी मुद्दाम जंतू वाढवलेल्या प्लेटचा असेल. पण कंट्रोलच्या प्लेट दुसऱ्या इन्क्युबेटरमध्ये होत्या.

ट्रे बाहेर काढला. पहिल्या डायल्युशनची, म्हणजे नमुना दहा पट पातळ केलेली प्लेट अख्खी भरलेली, कॉलनी (जंतूंचा एकेक ठिपका) वेगळी दिसतच नाही, नुसता साय धरल्यासारखा थर, आणि खालचा अगार (जंतूंचं खाद्य असलेली जेली) हिरवट पडलेला. दुसरीवर पण मोजण्यासारखं काही नाही. तिसऱ्या डायल्युशनवर, म्हणजे हजार पट पातळ केलेल्यावर मोजले तर २६०. म्हणजे ग्रॅमला २ लाख ६० हजार जिवंत जंतू. आणि चौदाव्या दिवशी ह्याच नमुन्यात ३,१०० होते!

आता हे काय असतं ते सांगते, कारण घरात क्रीम वापरणाऱ्या बहुतेकांना माहीतच नसतं की कोणीतरी त्यात मुद्दाम जंतू घालून बघतं. क्रीम, लोशन, डोळ्यांचे थेंब, सिरप, ज्यात पाणी आहे आणि जे पुन्हा पुन्हा उघडलं जातं त्यात प्रिझर्व्हेटिव्ह टाकावंच लागतं, कारण तुमचं बोट त्यात जाणार, बाथरूममधलं पाणी जाणार. ते प्रिझर्व्हेटिव्ह खरंच काम करतं का हे बघायला आम्ही प्रॉडक्टमध्ये पाच ठरलेले जंतू वेगवेगळे घालतो, स्टॅफ ऑरियस, ई कोलाय, स्यूडोमोनास एरुजिनोसा, कँडिडा आणि ॲस्परजिलस ही बुरशी. प्रत्येकी ग्रॅमला साधारण लाख ते दहा लाख. मग २० ते २५ डिग्रीला २८ दिवस ठेवायचं आणि मधे मधे काढून किती उरले ते मोजायचं. यूएसपीच्या (अमेरिकेतल्या औषधांच्या मानकांच्या ग्रंथाच्या) ५१ नंबरच्या चॅप्टरप्रमाणे अंगाला लावायच्या प्रॉडक्टमध्ये चौदाव्या दिवसापर्यंत बॅक्टेरिया किमान शंभर पटीने कमी व्हायला पाहिजेत, आणि त्यानंतर अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत वाढायला नकोत. हे दुसरं वाक्य लोक विसरतात. वाढ झाली का हे अर्ध्या लॉगच्या हिशोबाने ठरतं, म्हणजे मोजणीतली चूक धरून साधारण तिप्पटपर्यंत माफ. इथे ऐंशी पटीच्या वर गेलं होतं.

नमुना होता पायाच्या भेगांचं क्रीम. १० टक्के युरिया, आणि ट्यूबवर डायबिटीसच्या पेशंटसाठी असं लिहायचं ठरलेलं. पॅराबेन (नेहमीचं एक प्रिझर्व्हेटिव्ह) नको हा मार्केटिंगचा हट्ट, म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट. बॅच ताजी असताना तिची चॅलेंज टेस्ट आमच्याकडेच झाली होती आणि सुंदर पास झाली होती, स्यूडोमोनास सातव्या दिवशीच दहाच्या खाली. हा नमुना त्याच बॅचचा, फक्त सहा महिने स्टॅबिलिटी चेंबरमध्ये (माल जुना झाल्यावर कसा राहतो ते बघायच्या कपाटात) ४० डिग्री आणि ७५ टक्के आर्द्रतेला राहून आलेला. दिवाळीच्या आधी माल दुकानात न्यायचा होता आणि त्यांना हा एकच रिपोर्ट राहिला होता.

असा आकडा आला की पहिला संशय लॅबवरच घ्यायचा असतो, आणि घ्यायलाच पाहिजे. मी आणि आमची ज्युनियर, आम्ही दोघींनी सकाळपासून सगळं काढलं. जंतू न घातलेला नमुना होता त्याची प्लेट स्वच्छ. मीडियाचा निगेटिव्ह कंट्रोल, म्हणजे काहीच न घातलेली प्लेट, स्वच्छ. लॅमिनारमध्ये (गाळलेल्या हवेच्या कपाटात) हवा तपासायला उघड्या ठेवलेल्या सेटल प्लेट स्वच्छ. कल्चर चौथ्या पॅसेजचं, म्हणजे मूळ जंतूपासून चौथ्यांदा वाढवलेलं, पाचच्या आतलं, म्हणजे तेही ठीक. न्यूट्रलायझरचं (मोजताना प्रिझर्व्हेटिव्हचा परिणाम थांबवणाऱ्या द्रव्याचं) व्हॅलिडेशन जुनं होतं पण ह्याच क्रीमचं होतं. पोरगी रडकुंडीला आली होती, ताई माझ्याकडूनच काहीतरी झालंय, क्रीम घट्ट आहे मी नीट मिसळलं नसेल. मी म्हणलं अगं नीट मिसळलं नसतं तर चौदाव्या दिवशीच आकडे वेडेवाकडे आले असते आणि दोन्ही डुप्लिकेट इतके जुळले नसते. ई कोलाय आणि स्टॅफ व्यवस्थित मेले होते, कँडिडा जेमतेम होता तिथे होता, वाढलेला फक्त स्यूडोमोनास. हे मला कामातल्या चुकीसारखं वाटेना. स्यूडोमोनासला थोडी जागा मिळाली की तो आधी दबतो, मग पुन्हा डोकं वर काढतो, ही त्याची जुनी खोड आहे.

दुपारी कस्टमरच्या क्यूएवाल्यांचा (मालाची गुणवत्ता बघणाऱ्यांचा) फोन आला. मॅडम चौदा दिवसांचा डेटा पास आहे ना, मग अठ्ठावीसचा फक्त रिटेस्ट करून टाका ना. मी सांगितलं की कारण सापडल्याशिवाय रिटेस्ट करून जुना आकडा पुसता येत नाही. मग म्हणाले, आमच्या एचपीएलसीवर (घटकाचं प्रमाण मोजायच्या मशीनवर) बेंझोएट ९७ टक्के आलंय, सॉर्बेट ९५, प्रिझर्व्हेटिव्ह जसंच्या तसं आहे, तर जंतू वाढतील कसे? प्रश्न बरोबर होता आणि त्या क्षणी माझ्याकडे उत्तर नव्हतं. सरांना फोन लावला, ते गणपतीला गावी होते. ते एवढंच म्हणाले, घाई करू नकोस, नमुना पुन्हा डोळ्यांनी बघ.

म्हणून मी त्याच लॉटची न उघडलेली ट्यूब आणली, टोपी काढली आणि जरा दाबली. रंग तोच, घट्टपणा तोच. पण नाकाशी नेल्यावर अगदी पुसटसा, केस रंगवायच्या डायसारखा वास आला. अमोनिया. शेजारी ताज्या बॅचची ट्यूब उघडून बघितली, तिला फक्त परफ्यूमचा वास. मी तिथेच खुर्चीवर बसले.

युरिया पाण्यात कायम तसाच राहत नाही, हळूहळू फुटतो आणि अमोनिया सुटतो, उष्णतेत जास्त लवकर. अमोनिया सुटला की पीएच वर चढतो, म्हणजे आम्लपणा कमी होतो. हे केमिस्ट्रीत शिकलेलं, पण माझ्या डोक्यात चॅलेंज टेस्ट म्हणजे जंतू आणि प्लेट एवढंच असायचं. पळत केमिस्ट्रीच्या रजिस्टरकडे गेले. ताज्या नमुन्याचा पीएच ४.७. सहा महिन्यांनंतर ६.८. आणि पुढे बारीक अक्षरात लिहिलेलं: स्पेसिफिकेशन ४.५ ते ७.०, पास.

बेंझोएट काय किंवा सॉर्बेट काय, दोन्ही जंतूच्या आत शिरतात ते आम्लाच्या रूपात. बेंझोइक ॲसिडचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू आम्लाच्या रूपात असतात तो आकडा, ४.२. म्हणजे पीएच ४.७ ला त्यातला साधारण चारातला एक रेणू कामाचा असतो, आणि ६.८ ला चारशेतला एक! सॉर्बेटचं गणित थोडं बरं पण निष्कर्ष तोच. एचपीएलसी सगळे रेणू मोजतं. कामाला लागलेले किती आणि बसून असलेले किती हे त्याला कळत नाही. म्हणजे ९७ टक्के हा आकडा अगदी खरा होता आणि क्रीम तरी उघडं पडलं होतं. प्रत्येक खात्याने आपापला कागद इमानदारीने पास केला होता, पीएचवाल्याने पीएच, एचपीएलसीवाल्याने एचपीएलसी, आणि ४.५ ते ७ एवढी रुंद मर्यादा लिहिताना प्रिझर्व्हेटिव्हचा विचार कोणी केलाच नव्हता. मला त्या मर्यादेचा फार राग आला, अजून येतो.

राग येण्याला घरचं कारण पण आहे. आईला पंधरा वर्षांपासून साखर आहे, टाचांना भेगा आहेत, पायाला संवेदना कमी. मागे खडा रुतून जखम झाली ती तीन दिवसांनी मोज्यावर डाग दिसला तेव्हा कळली. अशा पायाला दिवसातून दोनदा जे चोळायचं त्यात स्यूडोमोनास वाढत असेल तर? धडधाकट कातडीला तो फारसं काही करत नाही, पण भेग, जखम, डोळा, भाजलेलं अंग, तिथे तो घुसला की औषधांना लवकर बधत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत डोळ्यांच्या थेंबांमुळे जे झालं ते ह्याच जंतूमुळे. थेंब चेन्नईच्या एका कंपनीत बनलेले, एकच बाटली रोज उघडायची आणि त्यात पुरेसं प्रिझर्व्हेटिव्ह नाही. मे महिन्यापर्यंत १८ राज्यांत ८१ रुग्ण सापडले, १४ जणांची नजर गेली, ४ जण दगावले. त्या महिन्यात आमच्या लॅबमध्ये जेवताना दुसरा विषय नव्हता.

सर आल्यावर त्यांच्यासमोर सगळं मांडलं. त्यांनी रिपोर्ट फेल म्हणूनच द्यायचं ठरवलं, पण म्हणाले की आपण कारण सांगतोय तर ते दाखवून पण देऊ. मग ताज्या बॅचचं क्रीम घेतलं, दोन भाग केले. एक ४.७ लाच ठेवला, दुसऱ्यात पातळ सोडियम हायड्रॉक्साइड थेंब थेंब घालून ६.८ वर नेला. दोन्हीत स्यूडोमोनास घातला आणि २० ग्रॅमच्या त्या बरण्या पुन्हा २८ दिवसांसाठी कपाटात. त्या काळात कस्टमरचे फोन येत राहिले, सुरुवातीला कडक आवाजात, नंतर जरा शांत, कारण त्यांच्याकडच्या फॉर्म्युलेशनवाल्यांनी पण राखून ठेवलेल्या ट्यूब उघडून वास घेतला होता. निकाल आला तेव्हा ४.७ च्या बरणीत काही नाही. ६.८ च्या बरणीतला चौदाव्या दिवशी खाली गेलेला, अठ्ठाविसाव्याला परत वर. तीच चाल. ज्युनियरने दोन्ही प्लेट शेजारी शेजारी धरून फोटो काढला, ती तेव्हा पहिल्यांदा हसली.

क्रीम दिवाळीला आलं नाही. त्यांनी लॅक्टिक ॲसिड आणि लॅक्टेटचा बफर (पीएच हलू न देणारं मिश्रण) घातला, बेंझोएट काढून फिनॉक्सीइथेनॉल घेतलं ज्याला पीएचचं एवढं पडलेलं नसतं, बुरशीसाठी जोडीला दुसरं एक घटक, आणि पीएचची मर्यादा ४.५ ते ५.५ केली. नवीन ट्यूब नोव्हेंबरमध्ये चेंबरला लागल्या. मे महिन्यात सहा महिन्यांच्या काढल्या तेव्हा मी प्लेटच्या आधी टोपी उघडून वास घेतला आणि पीएच स्वतः उभं राहून बघितला, ५.१. अठ्ठाविसाव्या दिवसाच्या प्लेट जूनमध्ये आल्या, पाचही जंतूंच्या. स्यूडोमोनासच्या पहिल्या डायल्युशनवर पण काही नव्हतं.

तेव्हापासून कुठलाही नवीन कस्टमर चॅलेंज टेस्टसाठी फक्त ताजा नमुना घेऊन आला की मी सहा महिने चेंबरमध्ये राहिलेला पण मागते, आणि सोबत पीएचचे सगळे जुने आकडे. काही जण कुरकुरतात, खर्च वाढतो म्हणतात. मागच्या आठवड्यात त्याच क्यूएवाल्यांचा फोन आला. मला वाटलं बिलाचं काहीतरी असेल. ते म्हणाले, मॅडम, आमच्या हाताच्या एका लोशनमध्ये पण ५ टक्के युरिया आहे, ते दोन वर्षं बाजारात आहे, तेव्हा ते फक्त ताजंच तपासलं होतं, राखून ठेवलेल्या जुन्या बाटल्या पाठवू का? मी म्हणलं आजच पाठवा. काल बारा बाटल्या आल्या, दोन वेगवेगळ्या बॅचच्या. टोप्या अजून उघडल्या नाहीत, आधी पीएच मीटर कॅलिब्रेट करतेय.