स्लॅबवरची तांबडी रेघ

मे महिन्यात सोलापूरला जाऊ नकोस, असं पुण्यात ज्याने त्याने बजावलं होतं. पण मावसभावाचं लग्नच मेमध्ये, त्याला काय करणार? हुतात्मा एक्सप्रेसने संध्याकाळी निघाले, रात्री उतरले. हळद, लग्न, पूजा, पंगती यात तीन दिवस कसे गेले कळलं नाही. एका संध्याकाळी सिद्धेश्वर तलावावर फेरी झाली, शेंगाची चटणी आणि कडक भाकऱ्या पिशवीत आल्या. मात्र लिहायला बसलेय ती चौथ्या दिवशी मावशीच्या स्लॅबवर पाहिलेल्या दोन रेघांमुळे.

मावशीचं घर जुळे सोलापुरात. दक्षिणेला लागूनच ले-आऊटची, म्हणजे प्लॉट पाडून केलेल्या वसाहतीची, ओपन स्पेस. चार हजार चौरस मीटर आणि त्यापुढच्या जागेचा ले-आऊट मंजूर करून घ्यायचा तर १० टक्के जागा मोकळी सोडावीच लागते. नकाशात ती हिरवी रंगवलेली असते. प्रत्यक्षात मावशीच्या दारासमोर कडेपासून कडेपर्यंत पेव्हर ब्लॉक आहेत, व्यायामाची लोखंडी यंत्रं आहेत आणि एक घसरगुंडी आहे. अकरानंतर तिला हात लावून दाखवावा कुणीही. मी लावला, तळवा संध्याकाळपर्यंत चुरचुरत होता.

त्या सगळ्यात एकच जुना कडुलिंब उरलाय. दुपारी त्याच्याखाली भाजीवाली पाटी उतरवते, रिक्षावाला डुलकी काढतो, गल्लीतली कुत्री येऊन पडतात. बसवलेली चारही बाकडी लिंबाच्या पश्चिमेला आहेत. दुपार कलली की सावली पूर्वेला सरकते, एवढी साधी गोष्ट बाकडी बसवताना कुणाच्या डोक्यात आली नाही? बाकड्यांवर ऊन बसतं आणि माणसं जमिनीवर. शिवाय सिमेंट थेट बुंध्यापर्यंत आणलेलं. आळं म्हणून वीतभर मातीही नाही. याचा मला फार राग आला, अजून आहे.

तर चौथ्या दिवशी सोलारवाला पोरगा आला. काकांनी तीन किलोवॅटची सिस्टीम बसवायचं ठरवलंय, सरकारचं ७८,००० रुपयांचं अनुदान मिळतं म्हणून आणि उन्हाळ्यातलं बिल बघवत नाही म्हणूनही. पोराने स्लॅबवर फेरी मारली, लिंबाकडे बघितलं आणि म्हणाला, "सर, ह्याचा शेंडा उतरवावा लागतंय. नाहीतर जनरेशन पडतंय."

तो चुकीचं बोलत नव्हता. पॅनल एकापुढे एक जोडलेले असतात, एकावर सावली पडली की अख्ख्या ओळीची वीज घटते. मला मात्र पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. सूर्याची वीज घ्यायची आणि त्यासाठी सावली तोडायची? महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हे मी घाईघाईने सांगायला गेले. काकांनी हातानेच थांबवलं.

काका भूगोल शिकवायचे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गल्ली त्यांना सरच म्हणते. त्यांनी बादलीभर पाणी आणलं, ते वापरून झालेलं, झाडांना घालायला ठेवलेलं पाणी होतं, कारण नळाला पुढचं पाणी दोन दिवसांनी येणार होतं. ते ओतून स्लॅबवरची धूळ त्यांनी खराट्याने लोटली. खालून दोन रेघा वर आल्या. तांबड्या, खिडक्यांना लावून उरलेल्या ऑइल पेंटच्या. एक वाकडीतिकडी, लिंबाच्या शेंड्याच्या आकाराची. दुसरी तशीच, पण हातभर पुढे. बाजूला बारीक अक्षरात '२२ डिसेंबर, दु. १२.३०' आणि दोन वेगळी सालं.

"आत्ता मेमध्ये बघून काय कळणार आहे बे तुला?" काका त्या पोराला म्हणाले. "ह्या दिवसांत सोलापूरचा सूर्य डोक्यावर असतो. मेच्या मध्याला तर भर दुपारी सावली पायाखाली जाते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो, तेव्हा लिंबाची सावली इथवर येते. दोन वर्षं आखलीय मी. ह्या रेघेच्या अलीकडं लावू नकोस, पलीकडं लाव."

टेप काढला. एक टोक मी धरलं. पॅनलना साधारण ३०० चौरस फूट लागणार होते. पाण्याची टाकी दक्षिणेच्या कोपऱ्यात सरकवली तर उत्तरेला बावीस बाय चौदा फूट निघत होते. पाइप, प्लंबर हा खर्च वाढणार होता. मावशी जिन्यातून म्हणाली, "होऊ दे की. लिंब काय दुकानात मिळतंय?" पोराने वहीत टाकी सरकवून नवीन आकृती काढली. सकाळ-संध्याकाळची सावली किती येईल तेही त्याने मनापासून विचारलं.

मला त्या रेघा बघून रडू यायचं बाकी होतं. २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत सोलापूरचं नाव आलं, तेव्हा काकांनी पेढे वाटले होते. शहराचा विकास आराखडा करताना कायद्याने हरकती-सूचना मागवाव्या लागतात, पण लोक आपापल्या प्लॉटवरचं आरक्षण उठवायला धावतात. गल्लीतल्या ओपन स्पेसमध्ये फरशी कुठे आणि माती कुठे, यावर कोण हरकत घेणार? पॅनल, झाड, बाकडं आणि पाणी मुरायची जागा एकाच कागदावर काढली असती तर कुऱ्हाडीचा विषयच निघाला नसता. रंगाचा एक उरलेला डबा आणि दोन डिसेंबर, एवढ्यात एका माणसाला जे जमलं, ते ले-आऊट करतानाच का होऊ नये?

संध्याकाळी ऊन उतरल्यावर काका पहार घेऊन खाली गेले. बुंध्याभोवतीचं सिमेंट फोडायला नवरा मुलगा आला, मी आले, रिक्षावालेही आले. दोन फूट आळं मोकळं झालं. खालची माती पिवळट आणि कोरडी ठक्क होती. मावशीने कपडे विसळलेलं पाणी आणून ओतलं, ते क्षणात आत गेलं.

डिसेंबरात पुन्हा जाणार आहे. २२ तारखेला दुपारी साडेबाराच्या आत स्लॅबवर हजर राहा, असं काकांनी सांगितलंय. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो.