पद्मिनीचे मागचे ब्रेक आणि वीतभर रबरी होज

आमची प्रीमियर पद्मिनी गेल्या उन्हाळ्यात जड चालू लागली. सात-आठ किलोमीटर चालवून थांबल्यावर मागच्या दोन्ही ड्रमना, म्हणजे चाकांतल्या ब्रेकच्या लोखंडी डब्यांना, हात लावणे अशक्य होत असे. पुढचे मात्र नेहमीसारखेच. हँडब्रेकची केबल ओढलेली राहत असेल असे समजून ती सैल केली, ड्रमला आतून घासणारे लायनरही सैल करून पाहिले, पण फरक पडला नाही.

मागच्या पाइपांची मांडणी आधी पाहायला हवी होती, हे मला उशिरा सुचले. मास्टर सिलिंडरकडून, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑईल ढकलणाऱ्या पंपाकडून, येणारा पोलादी पाइप गाडीच्या तळाखालून मागे येतो आणि ॲक्सलच्या अलीकडे बॉडीवरच्या ब्रॅकेटपाशी संपतो. ॲक्सल स्प्रिंगच्या पाट्यांवर सतत खालीवर होत असल्यामुळे तेथे ताठ पाइप टिकणार नाही, म्हणून पुढचे वीतभर अंतर रबरी होजने जोडलेले असते. होजनंतर ॲक्सलवर टी जॉइंट, आणि तेथून डाव्या-उजव्या चाकाच्या सिलिंडरकडे जाणारे दोन पोलादी पाइप. म्हणजे पुढे प्रत्येक चाकाला स्वतंत्र होज, तर मागे दोघांत मिळून एकच. एकच चाक तापले असते तर तेथला सिलिंडर किंवा शू (लायनर बसवलेली कमान) अडकला असे म्हणता आले असते, चारही तापली असती तर संशय मास्टर सिलिंडरवर गेला असता. मागची जोडी एकदम तापत होती, तेव्हा दोष त्या वीतभर रबरातच असण्याची शक्यता अधिक होती.

जुने रबर बाहेरून धडधाकट दिसले तरी आतून फुगते. पायाचा जोर ऑईलला त्या अरुंद वाटेतून पुढे रेटतो, परतीला मात्र शूच्या स्प्रिंगांचाच काय तो जोर असतो; तो अपुरा पडला की ऑईल चाकाकडेच अडकते आणि ब्रेक लागलेला राहतो. खात्री करणे सोपे होते. गाडी घोडीवर घेऊन पेडल दाबून सोडले, चाक आवळलेलेच राहिले. होजच्या अलीकडचा नट सैल केला, तरीही आवळलेलेच. चाकामागचा निपल (ऑईल आणि हवा बाहेर काढायचा स्क्रू) उघडताच ऑईलची चिळकांडी उडाली आणि चाक सुटले.

नट खोलताना होजचे टोक दुसऱ्या पान्ह्याने धरावे लागते, नाहीतर गंजलेल्या नटाबरोबर पोलादी पाइपही पिळला जातो. माझा पिळला गेलाच. दुकानदार तांब्याचा पाइप देत होता, कारण तो हाताने वळतो; पण हादऱ्यांनी तांबे कडक होऊन तडकते, म्हणून मी ४.७५ मिलिमीटरचा पोलादीच घेतला. नवा होज पिळलेला नाही ना, सायलेन्सरच्या पाइपला घासत नाही ना, हे ॲक्सल लोंबकळत असताना आणि चाकांवर वजन आल्यावर असे दोनदा पाहिले.

ऑईलही सगळे बदलले. नव्या डॉट ३ प्रतीच्या ब्रेक ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरलेल्याचा १४० पर्यंत खाली येऊ शकतो, आणि माझे जुने ऑईल तर कित्येक दिवस तापलेल्या ड्रमांशेजारीच होते. पाइपांतली हवा काढायला सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून केली.