जास्त की कमी: तुम्ही विचारलेत म्हणून

गर्भातल्या वासराच्या तांबड्या पेशींत एन्झाइमे प्रौढ गाईपेक्षा जास्त असतात की कमी, हे एका शब्दात सांगा, असे मला विद्यार्थी विचारतात, सहकारी विचारतात, आणि व्याख्यान संपल्यावर हमखास कोणीतरी उभे राहून विचारते. मी उत्तर टाळते असा समज झाला आहे. तो चुकीचा आहे, पण त्याला मीच कारणीभूत आहे, कारण एकेकाळी याच प्रश्नाला मी ‘जास्त’ असे छातीठोकपणे उत्तर दिले होते.

मुळात ‘जास्त’ म्हणजे कशाच्या मानाने, हे कोणी विचारतच नाही. प्रौढ गाईची तांबडी पेशी साधारण ४० ते ६० फेम्टोलिटर आकारमानाची असते. गर्भाची पेशी तिच्याहून मोठी, म्हणून तिच्यात हिमोग्लोबिनही अधिक मावते. समजा, गर्भाच्या एका पेशीत एखादे एन्झाइम दुप्पट आहे आणि हिमोग्लोबिन दीडपट आहे, तर दर ग्रॅम हिमोग्लोबिनमागे हिशेब करताच ती दुप्पट एक तृतीयांश वाढीवर येते. भाजक न सांगता दिलेला आकडा मी आता वाचतसुद्धा नाही.

पण मला अडवले ते भाजकाने नव्हे, एका गाईने.

तेव्हा मी हेक्झोकायनेज आणि ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज ही ग्लुकोजच्या वापराशी निगडित दोन एन्झाइमे मोजत होते. गर्भाचे रक्त कत्तलखान्यात, गाभण गाय मारली गेल्यावर, नाळेच्या शिरेतून घेतलेले. प्रौढ गाईंचे मानेच्या शिरेतून. पांढऱ्या पेशींचा करडा पातळ थर पिपेटने काढून टाकायचा, उरलेल्या पेशी सलाइनने पुन्हा पुन्हा धुवायच्या, फोडायच्या आणि ३४० नॅनोमीटरवर प्रकाशशोषण कसे बदलते ते बघत बसायचे. गर्भाची दोन्ही एन्झाइमे ठळकपणे वर येत होती. प्रौढांपैकी १७ क्रमांकाच्या गाईचे आकडे मात्र थेट गर्भाच्या रांगेत जाऊन बसले होते. मी त्या ओळीवर तांबडी रेघ मारली, शेजारी ‘नमुना खराब’ असे लिहिले आणि उरलेल्या आकड्यांवर निष्कर्ष पाठवून दिला.

दोन वर्षांनी वेगळ्याच कामासाठी जुन्या काचपट्ट्या काढल्या, त्यात तिची निघाली. सूक्ष्मदर्शकाखाली नेहमीच्या पेशींमध्ये मोठ्या, निळसर छटेच्या पेशी होत्या, आणि कित्येक पेशींत शाईची टोके टेकवावीत तसे बारीक निळे ठिपके होते. निरोगी प्रौढ गाईच्या रक्तात रेटिक्युलोसाइट, म्हणजे पुरत्या न पिकलेल्या कोवळ्या तांबड्या पेशी, जवळपास दिसतच नाहीत. असे ठिपके दिसले की मज्जा घाईने नव्या पेशी बाहेर सोडते आहे हे समजावे. मी नोंदवही उघडली. तिच्या नावापुढे माझ्याच अक्षरात लिहिलेले होते: व्यायल्यानंतर रक्तस्राव. नमुना उत्तम होता. मी तो खोडला होता, कारण तो मला नको होता. त्या दुपारी मी पुढे काही काम करू शकले नाही.

तांबड्या पेशीत केंद्रक नसते, त्यामुळे संपलेले एन्झाइम तिला नव्याने बनवता येत नाही, आणि हेक्झोकायनेज तर पेशीच्या वयाबरोबर झपाट्याने उतरते. प्रौढ गाईची पेशी साधारण १३० ते १६० दिवस जगते. सुमारे २८० दिवसांच्या गर्भावस्थेत वासराचे रक्त सतत वाढत असते, म्हणजे त्यातल्या पेशी सरासरीने कोवळ्याच असणार. मी कोवळ्या पेशींची तुलना जुन्या पेशींशी केली होती आणि तिला गर्भ व प्रौढ अशी नावे दिली होती.

तरीही तेव्हाची मी पुरती हार मानत नाही. ती म्हणते, गर्भाच्या हिमोग्लोबिनची एक साखळी वेगळ्या जनुकाची असते आणि जन्मानंतर दोन-तीन महिन्यांत ते हिमोग्लोबिन नाहीसे होते, हे तर पेशीच्या वयाने घडत नाही ना? मग एन्झाइमांतही गर्भाचे असे काही वेगळे का नसावे? याला माझ्याकडे पुरेसे उत्तर नाही. सेंट्रिफ्यूजमध्ये घनतेनुसार थर वेगळे करून मी पाहिले आहे. प्रौढ गाईंच्या वरच्या, हलक्या, म्हणजे बहुधा कोवळ्या, थरातल्या पेशी गर्भाच्या बऱ्याच जवळ आल्या; पण अंतर पूर्ण मिटले नाही. ती या उरलेल्या अंतराकडे बोट दाखवते. मी तिला सांगते की घनतेवरून वय तंतोतंत कळत नाही, आणि गाईची हलकी पेशी व गर्भाची हलकी पेशी समवयस्क असेलच असे नाही.

‘सरासरी काढा आणि मोकळे व्हा’ असा सल्ला देणाऱ्यांवर मी पूर्वी चिडत असे. आता त्यांना १७ व्या गाईची काचपट्टी दाखवते. तिची ओळ मी तक्त्यात परत घातली आहे. माझ्या मोजमापात गर्भातले हेक्झोकायनेज दर पेशीमागे जास्त भरते, इतके मी लिहून देईन. ते गर्भामुळे जास्त आहे, असे मात्र अजून लिहवत नाही.